पहिली गोळी धरायची नाही

महिन्यातून एका रविवारी काका सकाळी दाढी करायचे, रायफलचा लांबट खोका गाडीत ठेवायचे, ब्रिस्टलहून मेंडिपच्या डोंगरातल्या एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत जायचे, तिथे एक गोळी झाडायचे आणि घरी परत यायचे. त्या खाणीत त्यांच्या नेमबाजी क्लबाची रेंज होती. बाकीचे सभासद दुपारपर्यंत थांबत, सँडविच खात, काडतुसांच्या पेट्याच्या पेट्या संपवत. काका एक गोळी झाडून सामान आवरत. सुरुवातीला लोक विचारत, "आज इतक्यात?" नंतर कोणी विचारेना. हे काही वर्षं चाललं.

काका म्हणजे माझे घरमालक. नात्याने कोणी नव्हेत. मी ब्रिस्टलच्या एका सायंदैनिकात नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली. खोली द्यायच्या आधी त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवून एकच प्रश्न विचारला.

"किती दिवस राहणार?"

"सहा महिने."

"हे झालं पहिलं. आता सांग."

"म्हणजे?"

"पहिलं उत्तर तोंडात तयार असतं. ते धरायचं नाही. किती दिवस राहणार?"

"माहीत नाही. नोकरी टिकली तर बरेच."

"वर उजव्या हाताला. खिडकी घट्ट बसते, खालून ढकलायची."

ही त्यांची रीत होती आणि ती सगळीकडे लागू होती. किटलीतला पहिला कप ते सिंकमध्ये ओतत. रायफलचं कपाट तपासायला आलेल्या पोलिसासमोर त्यांनी असाच कप ओतला, तेव्हा त्याला वाटलं दूध नासलं आहे, आणि त्याने दुसरा कप घेतलाच नाही. रेडिओवरचं हवामान ते दुसऱ्यांदा सांगितलेलं ऐकत. काकूंनी तव्यावरून काढलेली पहिली पोळी त्यांच्या पानात कधी पडली नाही.

"माझ्या सासूबाई पहिली पोळी गाईला घालायच्या," काकू म्हणायच्या. "हे म्हणतात, तवा सारखा तापलेला नसतो. म्हणजे पोळी बाहेरच. फक्त इथे गाय नाही, कबुतरं आहेत."

काका एका विमानाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत होते. विमानाच्या पंखाला वजनं टांगायची आणि तो कुठे किती ताणला जातो ते मोजायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी नखाएवढ्या पातळ पट्ट्या वापरतात. पट्टी धातूला चिकटवायची. धातू ताणला की पट्टीही ताणली जाते, तिच्यातून जाणारी वीज किंचित बदलते, आणि त्या बदलावरून ताण कळतो. नव्या चिकटवलेल्या पट्टीवर पहिल्यांदा ताण दिला की खालचा गोंद नीट बसतो, म्हणून पहिलं माप टाकून देतात. प्रयोगशाळेतला हा साधा नियम काकांनी घरी आणला आणि मग तो सोडलाच नाही.

नेमबाजीची त्यांना विशेष आवड नव्हती. कारखान्यातल्या कोणीतरी त्यांना क्लबात नेलं. तिथली बरीच मंडळी बंदुकीची दारू आणून काडतुसं घरी स्वतः भरत. परवाना असेल तर ते तिथे कायदेशीर आहे. भरलेलं काडतूस जास्त कडक झालं की नाही, हे ते झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पितळाचं बूड पाहून ठरवत आणि त्यावरून वाद घालत. काका ते वाद ऐकून अस्वस्थ झाले. "बघून दाब कळत नाही," ते मला म्हणाले. "कपाळ बघून ताप कळतो का? हात तरी लावा."

मग त्यांनी स्वतःची रायफल घेतली, ती मुख्यतः मोजण्यासाठी. काडतूस जिथे बसतं त्या जाड भागाला, चेंबरला, त्यांनी पट्टी लावली. गोळी उडते त्या क्षणी आतल्या दाबाने पोलाद केसभर फुगतं आणि लगेच पूर्ववत होतं. कारखान्याने मोडीत काढलेल्या एका यंत्राच्या पडद्यावर त्याची हिरवी रेघ उमटायची: उभा चढ, टोक, उतार. ते टोक म्हणजे दाब. गोळीचा वेग मोजायला त्यांनी लाकडी पट्ट्यांच्या दोन चौकटी केल्या होत्या, प्रत्येकीत उजेड ओळखणारा एक डोळा. गोळी एकीवरून दुसरीवर गेली की मधला वेळ कळायचा. उजेड एकसारखा पसरावा म्हणून चौकटींवर पांढरं कापड लागायचं. श्रीखंडाचा चक्का टांगायचं काकूंचं फडकं त्यांना त्यासाठी योग्य वाटलं. त्यानंतर त्या घरात श्रीखंड झालं नाही.

पट्टी चिकटवण्याचं काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर चाले. पोलाद घासून, स्पिरिटने पुसून, पट्टी ठेवून तिच्यावर ते अंगठा दाबून बसत. त्या वेळात बोलायचं नाही, फोडणी करायची नाही. एकदा फोन वाजला, तर काकूंनी रिसीव्हर वायर पुरेल तितका ओढून त्यांच्या कानाला लावला. पलीकडून कोणी गॅसच्या बिलाबद्दल विचारत होतं. काका अंगठा न हलवता म्हणाले, "आय अ‍ॅम होल्डिंग समथिंग."

माझ्या धंद्याबद्दल त्यांचं मत बरं नव्हतं. "एक माणूस बोलला की छापता तुम्ही."

"दोन लागतात, काका."

"मग बरं. एक आकडा म्हणजे अफवा."

क्लबात त्यांच्याशिवाय एकच मराठी माणूस होता, आणि तो काकांचा एकमेव मित्र होता. मूळ कोल्हापूरजवळच्या एका गावचा, ब्रिस्टलमध्ये सिटी बस चालवायचा. तो भेटेल त्याला पाव्हणं म्हणायचा, म्हणून त्यालाच सगळे पाव्हणे म्हणत. काकांना तो मोजणीदार म्हणे, जमीन मोजायला साखळी घेऊन येणाऱ्या सरकारी माणसासारखं. मला पेपरवाली. शनिवारी ड्यूटी संपली की चहाला यायचा आणि बसचा गणवेश न बदलता स्वयंपाकघरात बसायचा.

"मोजणीदार, माझ्या बसला चिकटवा की एक पट्टी. मॅच सुटल्यावर किती फुगती ते बघू."

"चिकटवीन. पहिली फेरी धरणार नाही."

"पहिल्या फेरीला आसतंय कोण? मी आन् एक म्हातारी. वहिनी, ह्या मानसाबरोबर तुम्ही ऱ्हायलाय कसं?"

"लग्नाचं पहिलं वर्ष धरलं नाही," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या वर्षापासून बरे आहेत."

पाव्हण्यांचे वडील गावाकडे ठासणीच्या बंदुकीने ससे मारायचे, त्यामुळे नेमबाजी त्यांच्या अंगातच होती. नेम काकांपेक्षा पुष्कळ चांगला. पण रायफल जुनी होती: लष्करातून निघालेली आणि पुढे नव्या काडतुसासाठी बदलून घेतलेली. तिला जादा दाब सोसत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून एका हिवाळ्यात पाव्हण्यांनी काडतुसांचा नवा भार, म्हणजे दारूचं नवं प्रमाण, ठरवला तेव्हा तो काकांकडून मोजून घेतला. काकांनी ती काडतुसं आपल्या मजबूत रायफलीतून झाडली, रेघा पाहिल्या आणि सांगितलं, "चालेल. तुझ्या रायफलीलाही चालेल." पाव्हण्यांनी त्याच भाराची काडतुसं भरून ठेवली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. रायफल साफ करून ठेवताना नळीत आणि चेंबरमध्ये तेलाचा हात फिरवतात. झाडण्याआधी ते कोरडं पुसून काढायचं असतं. पुसलं तरी स्वच्छ नळीतून जाणारी पहिली गोळी बाकीच्यांसारखी जात नाही, म्हणून नेमबाज ती मोजत नाहीत. काका तिला मोजत नसतच, पण त्यांच्या रीतीप्रमाणे तिच्या वेळी ते यंत्रही चालू करत नसत. पाव्हण्यांच्या भाराची जी मापं त्यांनी घेतली ती सगळी दुसऱ्या गोळीपासूनची होती. पहिलीचं माप नव्हतं.

अपघात पुढच्या उन्हाळ्यात झाला. मी तिथे नव्हते. जे कळलं ते दोघांकडून वेगवेगळं कळलं आणि ते एकमेकांशी जुळतं. पाव्हण्यांना त्या दिवशी उशीर झाला होता. काका चौकटींवर फडकं ताणून बसवत होते, वारा होता, फडकं राहत नव्हतं. ते तिथूनच म्हणाले, "तू पहिली उडवून घे, मी तोवर हे लावतो." पाव्हण्यांनी रायफल भरली आणि झाडली. रायफलीचा मागचा भाग फुटला. पितळ आणि गॅस मागे आला.

आमच्या पेपरात चार ओळी आल्या. त्या मी लिहिल्या नव्हत्या. पहिल्या आवृत्तीत डावा डोळा छापला होता, दुसऱ्या आवृत्तीत उजवा. उजवा बरोबर होता.

काका हॉस्पिटलात गेले तेव्हा मी त्यांच्याबरोबर होते. पाव्हण्यांचं अर्धं डोकं पट्टीत होतं. आमचे आवाज ऐकून त्यांनी मान वळवली.

"मोजणीदार, दाब किती भरला?"

काका पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. म्हणाले, "यंत्र बंद होतं."

"व्हय," पाव्हणे म्हणाले. "पहिलीच हुती."

आमच्या आधी पोलीस येऊन गेला होता. त्याने पाव्हण्यांना विचारलं होतं, झाडण्याआधी तेल पुसलं होतं का. पाव्हण्यांनी हो सांगितलं होतं. पुढे तज्ज्ञांनी फुटलेली रायफल तपासली आणि कारण निश्चित सांगता येत नाही असा निष्कर्ष दिला. पोलीस आणि क्लबाच्या दृष्टीने विषय तिथे संपला.

एका डोळ्याच्या माणसाला बस चालवू देत नाहीत. पाव्हण्यांना डेपोत विसरलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसवलं. छत्र्या, हातमोजे, एकदा कोणाची कवळी. क्लब त्यांनी सोडला. शनिवारचा चहा सोडला नाही. येत, उजवी बाजू भिंतीकडे करून बसत, आणि पूर्वीइतकंच बोलत. अपघाताबद्दल दोघेही बोलत नसत. पाव्हण्यांनी काकांना एका शब्दानेही दोष दिला नाही. काकूंच्या मते तेच वाईट होतं. "भांडले असते तर बरं झालं असतं," त्या मला म्हणाल्या. "हा माणूस येतो आणि बिस्किटं संपवून जातो. ह्यांनी करायचं काय?"

काकांनी काय केलं ते मी सुरुवातीला सांगितलं. पोलिसांनी परत केलेली, पाव्हण्यांनी भरलेली उरलेली काडतुसं त्यांनी रीतसर आपल्या परवान्यावर घेतली. महिन्यातून एकदा क्लबाचा रविवार असे. नळी साफ, चेंबर कोरडं, पोलाद रात्रभर थंड. एक गोळी, यंत्र चालू. दुसरी झाडली असती तर ती दुसरी झाली असती, आणि त्यांना आता फक्त पहिल्या हव्या होत्या. त्यांना एकच गोष्ट ठरवायची होती. तेल पुसलेलं असूनही त्या भाराची पहिली गोळी जास्त दाब देत असेल, तर त्यांनी न पाहता 'चालेल' म्हटलं होतं, आणि डोळा त्यांच्यामुळे गेला होता.

"एका दिवसात नळी पुन्हा पुन्हा साफ करून होणार नाही का?" मी एकदा विचारलं.

"थंड होत नाही तितकी. रात्र लागते." मग थोड्या वेळाने म्हणाले, "त्याची त्या दिवशी तशीच होती."

त्या काळात त्यांच्या बाकीच्या सवयी हळूहळू गेल्या. किटलीतला पहिला कप ते पिऊ लागले. काकूंनी एकदा मुद्दाम पहिली पोळी वाढली, ती त्यांनी खाल्ली. काकू उठून मागच्या अंगणात गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

मी नोकरीसाठी लंडनला गेले, हॅरोत राहू लागले. मध्येमध्ये ब्रिस्टलला जात असे. अशाच एका शनिवारी गेले तेव्हा काडतुसं संपली होती. पाव्हणे यायच्या आधी काकांनी मला पडद्यावरच्या रेघांचे फोटो दाखवले. पुसलेल्या नळीतल्या पहिल्या गोळ्यांच्या सगळ्या रेघा पूर्वी मोजलेल्या गोळ्यांच्या रेघांच्या जवळपास होत्या. भार निर्दोष होता. शेवटची काही काडतुसं त्यांनी चेंबरमध्ये मुद्दाम तेल ठेवून झाडली होती. त्या रेघांची टोकं वर गेलेली होती. शिवाय तेलकट चेंबरमध्ये काडतूस पोलादाला धरून राहत नाही, सगळा धक्का मागे येतो. त्यांच्या रायफलीने तो सोसला. जुनीने सोसला नसता.

"म्हणजे तेल होतं," मी म्हटलं.

"त्याने नळी पुसली होती म्हणतो."

"कोणाला म्हणाले?"

"पोलिसाला. मी विचारलेलं नाही कधी." त्यांनी फोटो एकावर एक ठेवले. "पुसली नसेल, तर माझे आकडे बरोबर आहेत. पुसली असेल, तर इथे काहीतरी चूक आहे आणि मला ती दिसत नाही. मग माझी पट्टीच खोटं सांगते. मग इतक्या वर्षांत लोकांना मी जे जे सांगितलं ते सगळं गेलं."

पाव्हणे आले. काकूंनी चहा ठेवला. डेपोतल्या कोणाच्या तरी विसरलेल्या पोपटाची हकिगत झाली. पोपट जिवंत होता आणि शिव्या द्यायचा. आम्ही हसलो. हसणं संपल्यावर काका म्हणाले, "त्या दिवशी पुसली होतीस?"

पाव्हण्यांनी कप खाली ठेवला. "पुसली हुती."

ह्यापुढे काय येणार हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. हे झालं पहिलं, आता सांग. काकू हातात गाळणं धरून थांबल्या. पाव्हणे चांगल्या डोळ्याने काकांकडे बघत होते.

"बरं," काका म्हणाले. "चहा घे."

पाव्हणे नेहमीपेक्षा लवकर उठले. ते गेल्यावर काकूंनी दार लावलं आणि तिथेच उभं राहून विचारलं, "अहो, परत का नाही विचारलंत?"

"त्याचा डोळा गेलाय," काका म्हणाले. "त्याला दोनदा विचारू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी क्लबातल्या लोकांना एकेक करून फोन केले. प्रत्येकाला हेच सांगितलं: माझ्या मापांत चूक आहे, काय चूक आहे ते मला सांगता येत नाही, मी दिलेले आकडे धरू नका. काही जणांनी समजूत घालायचा प्रयत्न केला. काका ऐकून घेत आणि तेच वाक्य पुन्हा म्हणत. नंतर त्यांनी ब्लेडने रायफलीवरची पट्टी खरवडून काढली. पडदा आणि चौकटी कौन्सिलच्या कचरा टाकायच्या जागी टाकून आले. फडकं धुऊन काकूंना परत दिलं. काकूंनी ते वापरलं नाही.

त्यानंतर काका काही वर्षं जगले. शनिवारचा चहा चालू राहिला. काका फारसं बोलत नसत, आणि काही विचारत तर अजिबात नसत. हृदय थांबून गेले, बागेत, दुपारी.

क्रेमेटोरियममध्ये क्लबातले चारदोन म्हातारे इंग्रज आले होते. विधी आटपल्यावर ते कार पार्कच्या कडेला उभे होते. पाव्हणे माझ्याजवळ आले. डेपोचा काळा कोट, काचेचा डोळा.

"पेपरवाली, तू हुतीस त्या दिवशी. मोजणीदारानं इचारलं तवा."

"होते."

"परत का न्हाई इचारलं गं त्यानं?"

काका त्या दिवशी काकूंना जे म्हणाले होते ते मी सांगितलं.

"पोलिसाला एकदा हो बोलून बसलो हुतो," पाव्हणे म्हणाले. "मागं फिरता येईना. पर त्याला सांगायचं ठरवूनच आलतो मी घरनं. त्यानं इचारलं तर. पहिलं आपलं तसंच बोललो, पहिलं कवा धरलंय त्यानं? दुसऱ्यांदा इचारील म्हणून बसलो हुतो. त्यो म्हनला, चहा घे."

"काय सांगणार होता?"

"न्हवती पुसली. उशीर झालता. पहिली तर कोण धरत न्हाई, तिच्यासंगट तेल जाईल म्हटलं." मग त्यांनी विचारलं, "ते आकडे कुठं हाईत त्याचे? कोण वापरतं का?"

काकांनी केलेल्या फोनबद्दल त्यांना माहीत नव्हतं. क्लब सोडला होता, कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं: प्रत्येकाला फोन करून, धरू नका म्हणून.

पाव्हण्यांनी कोटाचं बटण लावलं आणि मान उजवीकडे वळवून, त्या बाजूचं दिसावं म्हणून, कार पार्क ओलांडला. त्या इंग्रजांपाशी जाऊन ते म्हणाले, "हिज नंबर्स वेअर राइट." एकाने कानामागे हात धरला. कोणाला काही कळलं नव्हतं.

पाव्हण्यांनी ते पुन्हा सांगितलं.